वाचकांचे प्रश्न : ‘कूपर ब्लॅक’ नावाचे जाडजूड अक्षर

या सदराकडे अक्षररचनेविषयी जी पत्रे येतात, त्यांपैकी बरीच पत्रे अलीकडे कूपर ब्लॅक या एकाच रोमन टाइपफेसभोवती, म्हणजे एका वळणाच्या इंग्रजी अक्षरसंचाभोवती, फिरत आहेत. उपाहारगृहांच्या पाट्या, टी-शर्ट, मसाल्यांच्या बरण्यांवरील लेबले, समाजमाध्यमांवरील जाहिराती अशा सगळ्या ठिकाणी ‘जुन्या काळचा’ भास आणण्यासाठी हे अक्षर सर्रास वापरले जाते. त्यामुळे त्याविषयीची पत्रे एकत्र करून या अंकात त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी लहानशी बेकरी सुरू करत आहोत. बोधचिन्ह करून देणाऱ्या मुलाने दुकानाचे इंग्रजी नाव जाड, गोलसर कडांच्या अक्षरांत काढले आहे. या अक्षराला कूपर ब्लॅक म्हणतात आणि ते ‘व्हिंटेज’ सेरिफ आहे, असे तो सांगतो. ते खरोखर किती जुने आहे? आणि एकही टोक दिसत नसताना त्याला सेरिफ कसे म्हणायचे?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : नाव त्याने बरोबर सांगितले आहे. हे अक्षर ऑस्वाल्ड ब्रूस कूपर या अमेरिकी अक्षरचित्रकाराने आखले आणि शिकागोच्या ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, १९२२मध्ये ते बाजारात आणले. वयाने ते शंभरी ओलांडलेले आहे. कूपर यांचा जन्म १८७९चा, ओहायो राज्यातला. चित्रकार व्हावे म्हणून ते शिकागोत फ्रँक होम यांच्या कलाशाळेत आले, तेथे फ्रेडरिक गौडी यांच्याकडे अक्षरलेखन शिकले, पुढे त्याच शाळेत ते शिकवूही लागले आणि १९०४मध्ये फ्रेड बर्ट्श यांच्या भागीदारीत त्यांनी ‘बर्ट्श अँड कूपर’ ही संस्था काढली. जाहिरातींचे मथळे हाताने काढून देणे हा त्यांचा रोजचा धंदा होता. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी त्यांनी काढलेली अक्षरे इतकी नजरेत भरली की अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीने त्यांवरून १९१३मध्ये ‘पॅकार्ड’ नावाचा टाइपच ओतला. कूपर ब्लॅकचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. पुस्तकाच्या पानाचा विचार करून घडवलेले हे अक्षर नाही. लांबून दिसावे, चटकन वाचले जावे आणि मनात माल घेण्याची इच्छा निर्माण करावी, एवढ्यासाठी हाताने काढलेल्या मथळ्याची लय त्यात धातूत उतरली आहे.

आता सेरिफविषयी. रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जी छोटी आडवी पट्टी असते, तिला सेरिफ म्हणतात. कूपर ब्लॅकमध्ये ती सगळीकडे आहे, पण तिची धार अशी मोडलेली आहे की उन्हात राहिलेल्या गुळाच्या ढेपेच्या कडाच जणू. पाय बोजड व गोल असल्यामुळे अक्षरे सरळ रेषेवर टेकत नाहीत, किंचित डुलत उभी राहतात. दुकानाचे नाव मोठे करून पाहिले, तर आणखी काही खुणा दिसतील. ‘ओ’ या अक्षराच्या पोटातील मोकळी जागा सरळ उभी नसून मागे, डावीकडे कललेली असते. स्मॉल ‘आय’ आणि ‘जे’ यांच्यावरील टिंबे वाटोळी नसून तिरपी, लंबगोल असतात. स्मॉल अक्षरांचा देह मोठा असून वर जाणारे दांडे आणि खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड असतात, त्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या अगदी जवळ बसवता येतात. जाड आणि बारीक रेषांतील फरक थोडा आहे, पण तो आहे. पूर्ण एकजाड अक्षर असते, तर हा लडिवाळपणा त्यात आला नसता.

बेकरीला हे अक्षर शोभते. ऊब, मऊपणा, भरलेले पोट या गोष्टी ते न सांगता सांगते. मात्र त्यावर आणखी जुनेपणाचा मुलामा चढवू नका. अक्षरांवर मुद्दाम पाडलेले ओरखडे, चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी आणि मागे डाग पडलेल्या कागदाचे चित्र, असा सगळा सरंजाम आला की अक्षराला बोलायला जागाच उरत नाही.

प्रश्न : मी उपयोजित कलेचा विद्यार्थी आहे. कूपर ब्लॅक १९२२चे आहे, असे वाचले, पण ते पाहिल्यावर डोळ्यांसमोर १९७०च्या दशकातील टी-शर्ट आणि गाण्यांच्या तबकड्या येतात. असे का होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या डोळ्यांची काही चूक नाही. एखादे अक्षर कोणत्या काळाचे वाटते, हे त्याच्या जन्मवर्षापेक्षा ते कोणत्या काळात सर्वाधिक दिसले यावर ठरते, आणि कूपर ब्लॅकच्या बाबतीत या दोन गोष्टींमध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले आहे.

१९२२मध्ये या अक्षरात जुनेपणाचा लवलेश नव्हता. ते त्या काळचे ताजे, धीट, काहीसे उर्मट अक्षर होते आणि वळणदार पुस्तकी टाइपांवर पोसलेल्या मुद्रकांना ते भडकही वाटले. कूपर यांनी स्वतः त्याविषयी केलेली कोटी प्रसिद्ध आहे : दूरचे पाहणाऱ्या मुद्रकांसाठी आणि जवळचेच दिसणाऱ्या त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी हा टाइप आहे. गिऱ्हाइकांना तो इतका आवडला की फाउंड्रीने त्याचे कुटुंब वाढवत नेले. त्याआधीच १९१९मध्ये आलेले सडपातळ ‘कूपर ओल्ड स्टाइल’ होतेच. पुढे अक्षराच्या अंगावर पांढरी चमक कोरलेले ‘कूपर हायलाइट’ १९२५मध्ये आले आणि तिरपे ‘कूपर ब्लॅक इटॅलिक’ व अरुंद ‘कंडेन्स्ड’ १९२६मध्ये. प्रतिस्पर्धी गप्प बसले नाहीत. लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने १९२५मध्ये जे ‘गौडी हेवीफेस’ काढले, ते खुद्द कूपर यांच्या गुरूकडून, म्हणजे फ्रेडरिक गौडी यांच्याकडून, करून घेतलेले होते. शिष्याच्या यशाला उत्तर म्हणून गुरूने मागणीबरहुकूम अक्षर काढावे, हा छपाईच्या इतिहासातील एक गमतीचा प्रसंग आहे, आणि गौडींना ते काम फारसे रुचले नव्हते हेही त्यात आले.

नंतर वारे फिरले. १९२७मध्ये जर्मनीतून ‘फ्युचुरा’ आला, सेरिफ नसलेल्या भौमितिक अक्षरांची चलती झाली आणि जाडजूड, गोलसर अक्षर खेडवळ वाटू लागले. १९३३मध्ये बार्नहार्टची फाउंड्री बंद झाली, तिचे टाइप अमेरिकन टाइप फाउंडर्सकडे गेले आणि १९४०मध्ये कूपर यांचे निधन झाले.

या अक्षराचा दुसरा जन्म झाला तो छपाईचे तंत्र बदलल्यामुळे, आणि हा भाग विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. धातूच्या खिळ्यात प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनी ठोकळ्यावर बसलेले असते. ठोकळे एकमेकांना टेकले की अक्षरे त्याहून जवळ येऊ शकत नाहीत आणि जुळारी कितीही कुशल असला, तरी त्याला खिळे कानस लावून घासल्याशिवाय ती चिकटवता येत नाहीत. १९६०नंतर फोटो टाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशचित्रणाने अक्षरे जुळवण्याचे तंत्र, पसरले आणि लेट्रासेटचे घासून उतरवायचे अक्षरांचे कागद संकल्पनकारांच्या टेबलावर आले, तेव्हा हे बंधन सुटले. अक्षरे हवी तितकी जवळ आणता येऊ लागली, एकमेकांत अडकवता येऊ लागली, हवी तेवढी मोठी करता येऊ लागली. सगळ्या कडा गोल असलेल्या, अंगाने भरलेल्या कूपर ब्लॅकला हा खेळ फार मानवला, कारण टोकदार सेरिफ एकमेकांवर आदळतात, तर गोल सेरिफ एकमेकांत सहज मिसळतात. १९६६मध्ये बीच बॉइज या अमेरिकी गायकवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीच्या वेष्टनावर ते आले आणि त्यानंतरच्या दशकात तर ते जिकडेतिकडे दिसू लागले. इस्त्रीने चिकटवायच्या मखमली अक्षरांच्या टी-शर्टवर ते का रुळले, याचेही कारण साधे आहे : बारीक रेष नसल्यामुळे अक्षर कापताना फाटत नाही आणि टोके नसल्यामुळे धुण्यात कडा लवकर उखडत नाहीत. १९७८मध्ये सुरू झालेल्या गारफील्ड या लठ्ठ मांजराच्या चित्रमालिकेशीही हे अक्षर जोडले गेले. यापेक्षा समर्पक जोडी शोधूनही सापडली नसती.

तेव्हा ‘व्हिंटेज कूपर’ असे कोणी म्हटले, तर कोणता, हा प्रश्न आधी विचारावा. विसाच्या दशकाचा भास हवा असेल, तर शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल ठेवावे, अक्षरांमधील अंतर नैसर्गिक राहू द्यावे, ओळी मधोमध लावाव्यात, भोवती एक बारीक चौकट द्यावी आणि काळा व एखादा गडद लाल एवढ्या दोनच रंगांवर थांबावे. सत्तरीचा भास हवा असेल, तर सगळी अक्षरे स्मॉल, एकमेकांना जवळजवळ टेकलेली, दोन-तीन ओळी एकावर एक रचलेल्या आणि रंग नारिंगी, मोहरी किंवा तपकिरी, अशी मांडणी लागते. अक्षर एकच असले, तरी या दोन मांडण्यांची सरमिसळ केली की कोणताच काळ उभा राहत नाही. ‘व्हिंटेज’ म्हणून होणाऱ्या बहुतेक कामांत मला हाच दोष दिसतो.

प्रश्न : माझा छापखाना आहे. एका उपाहारगृहाच्या मालकांनी संपूर्ण मेन्यू कार्ड, पदार्थांचे वर्णन आणि किमतींसह, कूपर ब्लॅकमध्ये मागितले आहे. वर्णनाचा आकार नऊ पॉइंट येतो. हे चालेल का? फ्लेक्ससाठी हेच अक्षर वापरताना काय काळजी घ्यावी?
— एक मुद्रक, नाशिक

उत्तर : पॉइंट म्हणजे छपाईत अक्षराचा आकार मोजण्याचे एकक. नऊ पॉइंटला मालकांना नम्रपणे नकार द्यावा. ‘ब्लॅक’ हे नावच त्याच्या वजनाचे आहे : रेषा इतक्या जाड आहेत की ‘ए’, ‘ई’, ‘एस’ या स्मॉल अक्षरांच्या पोटात फारच थोडी मोकळी जागा उरते. शाई शोषणाऱ्या कागदावर ती किंचित पसरली, तरी ही पोटे बुजतात आणि ओळीचा काळा पट्टा होतो. माझ्या मते चौदा पॉइंटच्या खाली हे अक्षर वापरू नये आणि त्याची खरी मजा चोवीसच्या पुढेच आहे. उपाहारगृहाचे नाव आणि ‘न्याहारी’, ‘पेये’ अशा विभागांची इंग्रजी शीर्षके कूपर ब्लॅकमध्ये करावीत, पदार्थांची नावे व वर्णन एखाद्या शांत, सडपातळ अक्षरात घ्यावे. शांत अक्षराच्या शेजारी जाड अक्षराचा आवाज अधिक चांगला ऐकू येतो, हे मालकांना दोन नमुने छापून दाखवले की तोंडाने सांगावे लागत नाही.

किमतींबाबत एक अडचण हमखास येते. रुपयाचे चिन्ह आपल्याकडे २०१०मध्ये स्वीकारले गेले आणि कूपर ब्लॅकच्या संगणकावरील कित्येक फाइली त्याआधीच्या आहेत. अशा फाइलीत ते चिन्ह नसते. संगणक ते गुपचूप दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उचलतो आणि जाड आकड्याशेजारी काटकुळे चिन्ह उभे राहते. छापण्यापूर्वी हे तपासावे. चिन्ह नसेल, तर मेन्यूवर नुसते आकडे पुरतात, सगळ्यांना कळतात.

फ्लेक्सच्या दुकानांत तीन गोष्टी रोज घडतात आणि तिन्ही या अक्षराच्या मुळावर येतात. पहिली म्हणजे जागेत बसवण्यासाठी अक्षर आडवे किंवा उभे ताणणे. ताणले की उभ्या आणि आडव्या रेषांच्या जाडीचे प्रमाण बिघडते, तिरप्या पोटांचा कल बदलतो आणि टिंबे चेंगरल्यासारखी दिसतात. जागा कमी असेल, तर मुळातच अरुंद घडवलेला ‘कंडेन्स्ड’ प्रकार वापरावा किंवा अक्षराचा आकार कमी करावा. दुसरी गोष्ट म्हणजे आधीच ‘ब्लॅक’ असलेल्या अक्षरावर पुन्हा ‘बी’चे बटण दाबणे, ज्यामुळे संगणक बाह्यरेषा सरसकट फुगवतो आणि उरलीसुरली पोटेही बंद करतो. तिसरी, ‘आय’चे बटण दाबून अक्षर नुसते तिरपे ढकलणे. कूपर यांचे खरे इटॅलिक वेगळे आखलेले आहे, त्याच्या वेलांट्या वेगळ्या आहेत. ते हाताशी नसेल, तर सरळ अक्षरच बरे.

सगळी अक्षरे कॅपिटल घेण्याचा मोहही आवरावा. या टाइपफेसची कॅपिटल अक्षरे रुंद व बोजड आहेत, चार-पाच अक्षरांच्या लहान नावाला ती पेलतात, पण लांब नावात ती नुसती गर्दी करतात. त्याची गोडी स्मॉल अक्षरांत आहे. अंतराचे म्हणाल, तर हातात धरून वाचायच्या वस्तूवर अक्षरे थोडी जवळ घेतली तरी चालतात, मात्र रस्त्यापलीकडून वाचायच्या फलकावर ती थोडी सुटी ठेवावीत, कारण लांबून पाहताना गोल कडा एकमेकींत मिसळून शब्दाचा गोळा होतो. गडद रंगावर पांढरे अक्षर काढण्यास हरकत नाही. बारीक सेरिफची अक्षरे अशा वेळी शाईने खाऊन टाकली जातात. हे अक्षर मात्र अंगाने दणकट असल्यामुळे टिकते.

प्रश्न : आमच्या दुकानाचे इंग्रजी नाव कूपर ब्लॅकमध्ये आहे आणि त्याच वळणात मराठी नाव करायचे आहे. देवनागरी कूपर मिळतो का? नसल्यास इंग्रजी अक्षरांच्या कडा गोल केल्या, तशा मराठीच्या करून घ्याव्यात का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : कूपर यांनी फक्त रोमन अक्षरे काढली. नुसत्या कडा गोल करून देवनागरी अक्षर त्या वळणाचे होत नाही, आणि का होत नाही, हे पाहिले की काय करावे, तेही स्पष्ट होते.

रोमन अक्षराचे जाड-बारीकपण रुंद टोकाच्या लेखणीतून आले. कूपर ब्लॅकच्या ‘ओ’चे मागे कललेले पोट ही त्याच लेखणीची आठवण आहे. देवनागरीचे जाड-बारीकपण बोरूच्या वेगळ्या कापातून आले आणि त्याचा कल रोमनच्या उलट आहे. म्हणून एखाद्या देवनागरी अक्षरावर कूपरसारखी जाडी आंधळेपणाने चढवली, तर ज्या ठिकाणी आपल्या डोळ्याला बारीक रेष हवी असते, तेथे फुगवटा येतो, आणि काय बिघडले हे न सांगता येणाऱ्यालाही ते अक्षर परके वाटते. दुसरी गोष्ट शिरोरेषेची. रोमन ओळीचा भार तळाशी, गोल पायांवर असतो. देवनागरी ओळ वरून टांगलेली असते. शिरोरेषा कूपरच्या दांड्याइतकी जाड केली, तर तिच्या खाली ‘क्ष’, ‘ळ’, ‘झ’ यांसारख्या अक्षरांना आणि जोडाक्षरांना जागा उरत नाही, आणि वरच्या मात्रा-वेलांट्या आणखी वर ढकलल्या जातात. म्हणून शिरोरेषा दांड्यापेक्षा सडपातळ ठेवावी लागते. सेरिफची बरोबरी करणारा अवयव देवनागरीत नाहीच, त्यामुळे उभ्या काण्याच्या तळाशी सेरिफसारखे पाय जोडण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. तसे केलेले फलक दिसतात आणि त्यांवरचा प्रत्येक काना बूट घातल्यासारखा दिसतो.

वळणाची नक्कल सोडून स्वभावाचे साम्य शोधावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बलू २’ हे अक्षर त्या दृष्टीने मला जवळचे वाटते : कडा गोल, अंग भरलेले, चेहरा हसतमुख, आणि नियमित वजनापासून खूप जाडपर्यंत वजने उपलब्ध, त्यामुळे इंग्रजी नावाशेजारी ठेवून काळेपणा जुळवता येतो. त्याच संस्थेचे ‘मोदक’ त्याहून लठ्ठ आहे. त्याच्या पोटांच्या जागी केवळ फटी उरतात. लहान मुलांच्या किंवा खाऊच्या दुकानाच्या दोन-तीन अक्षरी नावाला ते झकास दिसेल, लांब नावाला ते वापरू नये. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘रोझा वन’ही जाड म्हणून सुचवले जाते, पण त्यातील जाड व बारीक रेषांचा टोकाचा विरोध कूपरच्या मऊपणाशी भांडतो. याहून चांगला मार्ग म्हणजे हाताने फलक रंगवणाऱ्या चांगल्या पेंटरकडून मराठी नाव काढून घेणे. कूपर स्वतः याच परंपरेतले, हाताने मथळे काढणारे होते. एकाच नावासाठी काढलेले हस्ताक्षरी देवनागरी त्यांच्या रोमन अक्षराशेजारी बहुधा कोणत्याही तयार फॉन्टपेक्षा सहज नांदेल.

फॉन्ट वापरणार असाल, तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे येत आहेत की हिंदी, हे आवर्जून पाहावे. चांगल्या फॉन्टांत दोन्ही असतात, पण संगणकात मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवून दिल्याशिवाय मराठी वळणे दिसत नाहीत. आणि शेवटी आकाराविषयी : महाराष्ट्रात दुकानाच्या फलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव असणे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे २०२२च्या कायदा-दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. संगणकात दोन्हींना सारखाच पॉइंट आकार दिला, तर शिरोरेषेवरच्या व खालच्या मात्रांसाठी जागा राखलेली असल्यामुळे देवनागरी अक्षर प्रत्यक्षात बहुतेकदा लहान उमटते. तेव्हा पॉइंटांच्या आकड्यावर न जाता फलकावरची उंची पट्टीने मोजावी आणि मराठी नाव वर, मोठे घ्यावे. कूपर ब्लॅकला खाली, दुय्यम जागी बसवले तरी तो दबत नाही; एवढ्या जाड अक्षराची काळजी करण्याचे कारण नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका कूपर ब्लॅकमध्ये करावी, असा तिचा हट्ट आहे. आम्हाला ते फार धसमुसळे वाटते.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वधूवरांची दोन नावे कूपर ब्लॅकमध्ये, मोठी, स्मॉल अक्षरांत आणि एखाद्या हळदी किंवा कुंकवी रंगात घ्यावीत, आईवडिलांची नावे, मुहूर्त आणि स्थळ यांसाठी वेगळे, हलके अक्षर घ्यावे. हट्ट आणि मर्यादा दोन्ही राखले जातील. हे अक्षर औपचारिकता मोडते, म्हणूनच इझीजेटसारख्या स्वस्त विमानसेवेने ते आपल्या नावासाठी निवडले. समारंभ हसताखेळता व्हावा, अशी मुलीची इच्छा असेल, तर तिची निवड मुळीच वावगी नाही. श्रद्धांजली, मानपत्र किंवा कायदेशीर सूचना यांसाठी कोणी विचारले असते, तर मात्र मी सरळ नाही म्हटले असते.

प्रश्न : माझ्या संगणकात ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’बरोबर आलेला कूपर ब्लॅक आहे. तो व्यवसायासाठी वापरणे योग्य आहे का? आणि याच जातीची, पण इतकी जाड नसलेली दुसरी कोणती अक्षरे आहेत?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : फॉन्टची फाइल हे एक सॉफ्टवेअर आहे आणि ती ज्या परवान्याने मिळाली, त्याच्या अटी तिला लागू होतात. ऑफिसबरोबर आलेला फॉन्ट वापरून पत्रक किंवा फलक छापण्यास सहसा अडचण नसते, पण तीच फाइल संकेतस्थळावर चढवणे, एखाद्या ॲपमध्ये घालणे किंवा मुद्रकाला स्वतंत्रपणे देऊन टाकणे, या गोष्टी वेगळ्या मोडतात. मुद्रकाला काम देताना अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून पीडीएफ दिली की फाइल देण्याची वेळच येत नाही. परवान्याची कटकट नको असेल, तर ‘इन्डिस्ट्रक्टिबल टाइप’चे ‘कूपर*’ हे मुक्त परवान्याचे पुनरुज्जीवन उपलब्ध आहे. नावातील तारांकन चुकून पडलेले नाही, ते नावाचाच भाग आहे. त्यात हलकी वजनेही आहेत, त्यामुळे कूपर यांचे १९१९चे मूळ अक्षर कसे दिसत असेल, याचीही कल्पना येते.

याच गोतावळ्यातील दोन जुनी अक्षरे पाहण्यासारखी आहेत. ‘विंडसर’ हे इंग्लंडमधील शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीचे, विसाव्या शतकाच्या आरंभीचे अक्षर. त्याच्या स्मॉल ‘एच’, ‘एम’, ‘एन’ यांचे उजवे पाय बाहेर फाकलेले असतात आणि ‘ई’ची आडवी रेष तिरपी असते. ते कूपरपेक्षा तऱ्हेवाईक आणि थोडे अभ्यासू वाटते, म्हणून पुस्तकांचे दुकान, नाट्यसंस्था, चहाचे डबे यांना शोभते. ‘सुव्हेनियर’ मॉरिस फुलर बेंटन यांनी १९१४मध्ये आखले आणि १९७०मध्ये एड बेंगियात यांनी त्याला अनेक वजनांचे पूर्ण कुटुंब करून दिले. गोल सेरिफचा मऊपणा ठेवून थोडा अधिक मजकूर लावायचा असेल, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

आजच्या कामासाठी मात्र मी ‘फ्रॉन्सिस’ आधी वापरून पाहायला सांगेन. २०२०मध्ये फीड्रा चार्ल्स आणि फ्लाव्हिया झिंबार्डी यांनी विंडसर, सुव्हेनियर आणि कूपर यांच्यापासून स्फूर्ती घेऊन केलेले हे अक्षर मुक्त परवान्याने मिळते. ते व्हेरिएबल फॉन्ट असल्यामुळे एकाच फाइलीत वजन तर बदलता येतेच, शिवाय कडा किती मऊ ठेवायच्या आणि ‘एन’, ‘एम’ यांसारख्या अक्षरांना विंडसरसारखे वाकडेपण द्यायचे की नाही, हेही ठरवता येते. त्यात मथळ्यासाठीची आणि मजकुरासाठीची आखणीही वेगळी आहे : आकार लहान झाला की जाड-बारीक रेषांतील फरक कमी होतो आणि अक्षर वाचायला सोपे राहते. नाशिकच्या मुद्रकांना मेन्यूच्या वर्णनासाठी जे शांत अक्षर लागेल, ते यातूनच, मऊपणा तसाच ठेवून, हलक्या वजनात काढता येईल, म्हणजे मथळ्यातील कूपर ब्लॅकशी त्याचे नातेही राहील. त्यात रुपयाचे चिन्ह नीट येते का, हे मात्र त्यांनी छापण्याआधी स्वतः टंकून पाहावे.